फायबरची कड कशाने कापावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण. बोलताना ताटात मांडून दाखविलेली हत्यारे येथे छापता येत नाहीत. बाकी मजकूर जसा बोलला गेला तसाच आहे.)



दरवर्षी या जागेवर कोणी डॉक्टरीणबाई उभ्या राहतात, कोणी प्राध्यापिका, कोणी कीर्तनकार. यंदा चिटणीसबाई माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, यंदा तुम्ही बोलायचं." मी म्हटले, "अहो, मला फायबरची कड कापण्यापलीकडे काय येतं?" त्यावर त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा. आमच्या कुरडयांवर काय पडलं होतं, ते तरी एकदा कळू दे."

तेव्हा आज मी भाषण करण्यापेक्षा हिशेब देण्यासाठी उभी आहे असे समजा. माझ्यापुढच्या या ताटात फराळाचे काही नाही. यात सुरी आहे, करवत आहे, चकत्या आहेत, कानस आहे. मोटारगाडीचे फायबरचे अंग कापावयाचे व त्याची कड साफ करावयाची, तर यातले कोणते हत्यार केव्हा उचलावे, एवढाच माझा विषय. पण या विषयाचा आपल्या गच्चीशी संबंध आहे, म्हणून सुरुवात गच्चीपासून करते.

त्या चैत्रातली गोष्ट पुष्कळजणींना आठवत असेल. मंडळाच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, पहाटे उठून शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने घालून मोकळे व्हायचे. ते कष्ट तुम्हांला मी काय सांगावे? दुपारी आक्का परतायला वर गेल्या, तर सगळ्या कुरडयांवर पांढरी पूड, आणि उन्हात ती चमकते आहे. तासाभरात सातआठजणी आमच्या शेडच्या दारात. आक्कांच्या हातात एक कुरडई होती. त्या ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "वहिनी, ही साखर कुणी भुरभुरली गं?"

ती साखर आमच्या शेडमधली होती. फायबर कापल्याची धूळ. काच पोटात जाईल म्हणून एकही कुरडई ठेवता आली नाही. मी नुकसानीचे पैसे भरले. मंडळाने पावतीही दिली. पण पावतीने प्रश्न मिटला नाही, कारण ती धूळ तुमच्या गच्चीवर कशी आली ते मला पक्के ठाऊक होते. ते आज सर्वांसमोर सांगते.

फायबरचे काम आमच्या घरात ह्यांनी आणले. आपल्या कोल्हापुरात लेथ, ओतकाम, फिटिंग यांची परंपरा मोठी. उद्यमनगरात ज्याच्या हाताला काम येत नाही असा माणूस विरळा. ह्यांनी फायबरची वाट धरली. जीपचे टप, बॉनेट, मडगार्ड, कधी हौशी माणसासाठी बिनछपराच्या गाडीचे अख्खे अंग. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ग्राइंडर चाले. तोंडाला रुमाल बांधला की आपली काळजी घेतली असे त्यांना वाटे. पुढे खोकला जडला, जिना चढताना दम लागू लागला. धुळीनेच झाले असे डॉक्टरांनी छातीठोकपणे म्हटले नाही; पण "पुन्हा त्या धुळीत जायचं नाही" असे मात्र निक्षून सांगितले. तेव्हापासून शेड मी पाहते. आज आमच्याकडे पाच माणसे आहेत, त्यांत तीन बायका. हे घरी बसून हिशेब पाहतात आणि माझ्या चुका काढतात.

शेड हाती घेतल्यावर मी पहिली सुधारणा काय केली असेल? ग्राइंडर शेडबाहेर काढला. मागच्या मोकळ्या अंगणात कापाकापी सुरू केली. आतली हवा स्वच्छ झाली, बायकांचा खोकला थांबला, मला वाटले मोठे शहाणपण केले. भगिनींनो, आमच्या छातीतली धूळ काढून मी ती तुमच्या गच्चीवर टाकली होती. घरचा केर शेजारच्या दारात लोटावा, तसलाच तो प्रकार. हे मला आक्कांच्या हातातली कुरडई पाहिल्यावर कळले.

तेव्हापासून हत्यार निवडताना मी तीन प्रश्न विचारते. माल किती घट्ट झाला आहे? रेषा कशी आहे, सरळ, वळणाची की भोकाची? आणि धूळ किती होणार, ती कुठे जाणार? पूर्वी मी चौथाच प्रश्न विचारीत असे: लवकर कशाने कापेल? त्या एका प्रश्नाने मला पुष्कळ नुकसान सोसावे लागले.

आता फायबर म्हणजे काय ते थोडक्यात. काचेचे तंतू, केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतके बारीक, गोधडीसारखे एकमेकांत अडकवून त्याची मॅट करतात. गाडीच्या आकाराचा साचा असतो. साच्याला आतून मेण लावायचे, त्यावर जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर द्यायचा, आणि तो धरला की मॅट घालून रेझिन पाजायचे. रेझिनमध्ये शंभराला एक-दोन भाग हार्डनर घातला की ते हळूहळू घट्ट होते. आम्ही वापरतो ती मॅट चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची. तिचे तीन थर बसविले की सुमारे ३ मिलिमीटर जाडी मिळते.

पत्र्याच्या गाडीला अवजड दाबयंत्रे व महागडे पोलादी साचे लागतात. फायबरला एक साचा आणि चार हात पुरतात. म्हणूनच थोड्या संख्येच्या गाड्यांना फायबर सोयीचे पडले. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट गाडी फायबरच्या अंगाने काढली. पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या झाल्या. आपल्याकडे बंगळूरला बादल आणि डॉल्फिन, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या शेजारी गोव्यात स्टॉर्म नावाची दोन माणसांची गाडी, या सगळ्या फायबरच्याच. पण यात एक मेख आहे. पत्र्याची कड यंत्र कापून देते. फायबरची कड माणसाला कापावी लागते. मॅट आणि रेझिन साच्याच्या कडेबाहेर चार बोटे लोंबत असते. ते कापल्यावाचून गाडीचे दार लागत नाही, दिवा बसत नाही, बॉनेट मिटत नाही.

आता हे कापण्याचे मर्म तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, असे म्हटले तर हसू नका. करंजी भरल्यावर तिची कड आपण कातण्याने कधी कापतो? पीठ मऊ आहे तोवर. तळल्यावर कोणी कातणे फिरवीत नाही. वड्या थापल्या तर सुरी केव्हा फिरवतो? फार गरम असताना फिरवली तर रेघ बुजते, पार निवल्यावर फिरवली तर वडी फुटते. मधली एक वेळ असते. फायबरलाही अगदी तशीच मधली वेळ असते. रेझिन ओले राहिलेले नाही, पण दगडही झालेले नाही. चामड्यासारखे झाले आहे. नख दाबले तर खूण उमटते, पण बोटाला काही चिकटत नाही. त्या वेळी या ताटातले पहिले हत्यार उचलावे: ही साधी, पाते पुढे सरकणारी सुरी.

साच्याच्या कडेला पाते टेकवून सुरी ओढीत न्यावी. दाब साच्याच्या दिशेने असावा, बाहेर उचलण्याकडे नसावा. नाही तर थर सुटे होतात आणि पुढे तिथूनच फुगतात. फार लवकर हात घातला तर तंतू सुरीबरोबर ओढले जातात. ही वेळ घड्याळाने ठरत नाही. आमच्या शेडमध्ये वैशाखात ती पाऊण तासात येते नि दहा मिनिटांत निघून जाते. पौषात दोन-अडीच तास वाट पाहावी लागते. काचेने पाते लवकर बोथटते, म्हणून एका बॉनेटला दोनतीन पाती लागतात. पात्याचा लोभ धरू नये. बोथट पाते कापत नाही, फाडते.

आणि या पद्धतीत धूळ किती होते? जवळजवळ नाहीच. कापलेली पट्टी अख्खी हातात येते. एवढ्याशा सुरीने जे होते ते आम्ही वर्षानुवर्षे ग्राइंडरने करीत होतो, कारण काय, तर चहा. चहाची वेळ झाली की माणसे उठत, गप्पांत अर्धा तास जाई, आणि परत येईतो माल दगड झालेला असे. मग घ्या ग्राइंडर! आता आमच्याकडे साच्याजवळ एक माणूस थांबतो, त्याचा चहा तिथे जातो. धूळ कमी करण्याची आमची सर्वांत मोठी सुधारणा म्हणाल तर ती हीच.

पण सगळेच काम मऊपणी होत नाही. दिव्याचे भोक मागाहून कापावे लागते, जुनी गाडी दुरुस्तीला येते, गिऱ्हाइकाला बदल हवा असतो. घट्ट फायबरला पुढची हत्यारे.

ही हॅक्सॉ. कडेची छोटी सरळ रेघ असेल तर हिच्यासारखी गरीब नि गुणी दुसरी नाही. पान इंचाला २४ दातांचे घ्यावे, पातळ कामाला ३२ चे. नियम असा, की मालाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत. नाही तर दात अडकतो आणि कड तुटते. हिची धूळ जाडसर असते, समोरच पडते, फार उडत नाही. हात दुखतो एवढेच. पत्रा कापायची कात्री मात्र तयार कडेला लावू नका. ती कापण्याआधी वाकवते, आणि वाकले की जेलकोटला केसासारख्या भेगा जातात. रंग दिल्यावर त्या भेगा वर येतात.

ही जिगसॉ, म्हणजे विजेवर वरखाली चालणारी करवत. वळणाच्या रेषेला हिचा उपयोग. हिची एक खोड मी पैसे मोजून शिकले. एक गृहस्थ त्यांची गोव्यातली दोन माणसांची गाडी घेऊन आले. पुढच्या बाजूला दिव्याचे भोक मोठे करावयाचे होते. मी रेषा आखली, जिगसॉला लाकडाचे पान लावले आणि बाहेरच्या बाजूने कापीत गेले. पाहते तो रेषेच्या दोन्ही अंगांना जेलकोटचे टवके! लाल रंगाखाली पांढरे दात दिसावेत तसे. चूक पानाची नि माझी. साध्या पानाचे दात वर येताना कापतात, म्हणजे आतून बाहेर ढकलतात. आणि जेलकोट हा टणक, ठिसूळ थर, त्याला बाहेर ढकलले की तो उडणारच. त्या गृहस्थांच्या गाडीचा पुढचा भाग मी पदरचा रंग घालून करून दिला.

त्यातून जो नियम शिकले तो सगळ्या हत्यारांना लागू आहे: कापणारा दात जेलकोटकडून आत शिरला पाहिजे, आतून जेलकोटकडे बाहेर पडता कामा नये. म्हणून हॅक्सॉ पुढे ढकलताना जेलकोट आपल्याकडे असावा. जिगसॉने कापताना जेलकोट खाली ठेवावा, किंवा खाली कापणारे पान घ्यावे. सर्वांत बरे म्हणजे दात नसलेले, कार्बाइडची खर बसविलेले हे पान. हे चावत नाही, घासत जाते. रेषेवर कागदी चिकटपट्टी लावली तर रेघही दिसते आणि कडही जपली जाते. कानसही तशीच, जेलकोटकडून आत, एकाच दिशेने. परत ओढताना उचलून घ्यावी.

भोकाचेही तसेच. ड्रिल बाहेरच्या बाजूने, मागे लाकडाची फळी धरून. मोठ्या भोकाला ही गोल करवत. ती आधी उलटी फिरवून जेलकोटवर गोल चर पाडून घ्यावी, मग सुलटी फिरवून आरपार जावे. साध्या पोलादाची धार काचेपुढे टिकत नाही, म्हणून शक्य तिथे कार्बाइडच वापरावे.

भोकाची एक गोष्ट ह्यांच्या वेळची. हे आता मागच्या रांगेत बसले आहेत, तेव्हा त्यांच्या परवानगीनेच सांगते. एका जीपच्या टपाला ह्यांनी खिडकी कापली. चारही कोपरे कसे काटकोनात, पाहत राहावे असे. गाडी गगनबावड्याचा घाट चढूउतरू लागली, आणि तीन महिन्यांत टप परत आला. कोपऱ्यातून निघालेली भेग वीतभर गेली होती. चौकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका टोकाशी जमा होतो. गोल कोपऱ्यात तो वाटला जातो. तेव्हापासून आमच्याकडे आधी कोपऱ्यांना भोके पाडतात आणि मग ती भोके सरळ रेषांनी जोडतात. सलवार-कमीज शिवणाऱ्या भगिनींना हे नवे नाही. काखेत काटकोन ठेवला की शिवण तिथेच उसवते.

आणि हा ग्राइंडर. चार इंची. मिनिटाला साधारण ११,००० फेरे. लांब सरळ रेघेला याच्याइतका झपाटा कोणाचा नाही, आणि धूळही कोणाची इतकी नाही. अजिबात वापरू नका असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे आजही आहे. पण तो शेवटी उचलायचा. चकती डायमंडची, अखंड कडेची घ्यावी. ती साध्या चकतीच्या कित्येक पट महाग पडते, पण झिजून लहान होत नाही, तुटून अंगावर येत नाही. कोणतीही चकती घ्या, तिच्यावर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त असला पाहिजे. मशीनवरचे झाकण कधी काढू नये. आणि बाजारात ग्राइंडरला बसणाऱ्या लाकूड कापण्याच्या दातेरी चकत्या मिळतात, त्यांना हातही लावू नका. दात अडकला की मशीन उसळी घेते, आणि ती उसळी हातावर, गळ्यावर, चेहऱ्यावर कुठेही येते. चकती वळणावर फिरवू नये, दाबूही नये. जळका वास आला म्हणजे समजावे, की कापणे थांबले आणि भाजणे सुरू झाले.

शेवटचे हे हत्यार. याचे पाते फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. कार्बाइडचे पाते लावले की हे सावकाश, पण हवे तिथे नेमके कापते. याची पूड उधळत नाही, पात्याशीच साचते. गाडीला बसविलेल्या भागात, अडचणीच्या जागी मी हेच घेते. आमच्या मुलांना हे आवडत नाही, म्हणतात, "काकू, हे म्हातारं मशीन आहे." मी म्हणते, "असू दे. म्हातारं माणूस घरात कचरा करीत नाही."

आता धुळीचे. चकती फिरते तेव्हा जे तंतू दिसतात, टोचतात, खाजवितात, ते त्यातल्या त्यात बरे. त्यांतले बहुतेक जाड असल्याने छातीत खोलवर जात नाहीत. जी दिसत नाही ती बारीक पूड खोल जाते. तिला रुमाल, ओढणी, पदर यांतले काही अडवीत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत आपण सगळ्याजणी एन-९५ मास्क ओळखायला शिकलो. तोच इथे लागतो, आणि नाकावर घट्ट बसवून लागतो. पण एक ध्यानात ठेवा. ओल्या रेझिनचा जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा, आणि वाफ एन-९५ ने थांबत नाही. तिला कोळशाची डबी लावलेला वेगळा मास्क आणि खेळती हवा लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीन हे माणसाला बहुधा कर्करोग करणारे द्रव्य आहे असे ठरविले. हे ऐकून घाबरून काम सोडावे असे मी म्हणत नाही. पण "आम्हांला सवय आहे" असे म्हणून चालत नाही. छातीला सवय होत नसते.

कुरडयांच्या प्रकारानंतर आम्ही कापणे पुन्हा शेडच्या आत घेतले. एका कोपऱ्याला पडदे लावून बंद खोली केली. ग्राइंडरला झाकणी बसवून तिला बारीक गाळणीचा व्हॅक्यूम जोडला. घरातला साधा व्हॅक्यूम चालत नाही, एका बाजूने ओढतो नि दुसऱ्या बाजूने तीच धूळ बाहेर फेकतो. कड गुळगुळीत करावयाची ती हाताने, लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून; आधी ८० नंबर, मग १२०, आणि त्यापुढे पाण्यातला पेपर. पाण्याने धूळ बसते. विजेच्या मशीनवर मात्र पाणी नेऊ नये. कोरडा झाडू शेडमध्ये बंद आहे. ओल्या फडक्याने पुसायचे. काम संपल्यावर हवेच्या नळीने कपडे झटकण्याची पुरुषमाणसांना भारी हौस. तीही बंद केली, कारण त्या एका फवाऱ्यात दिवसभराची कमाई नाकात जाते.

बायकांसाठी चार गोष्टी निराळ्या. फिरत्या यंत्राजवळ पदर खोचून भागत नाही, ओढणी मागे बांधून भागत नाही. अंगभर, घट्ट बाह्यांचा सदरा, केस टोपीत, बांगड्या नि मंगळसूत्र डब्यात, डोळ्यांवर बंद चष्मा. पहिल्या दिवशी आमच्याकडच्या एका सुनेला मंगळसूत्र काढायला जड गेले. तिच्या सासूबाई स्वतः शेडमध्ये आल्या, त्यांनी यंत्र पाहिले आणि म्हणाल्या, "काढ गं बाई. गळा राहिला तर मंगळसूत्र घालशील." त्या सासूबाई इथे बसल्या आहेत, त्यांचे नाव घेत नाही, पण नमस्कार करते. अंगाला खाज सुटली तर खाजवू नये. चिकटपट्टी हलके लावून तंतू उचलावे आणि गार पाण्याने धुवावे. कामाचे कपडे शेडमध्येच बदलावे आणि घरच्या कपड्यांत, विशेषतः लेकराबाळांच्या कपड्यांत, धुवायला टाकू नयेत.

आणि शेजाऱ्यांना एक विनंती. आमच्या फायबरच्या पट्ट्या थंडीत कोणी शेकोटीला नेऊ नका. गेल्या वर्षी काही मुलांनी नेल्या होत्या. हे वितळून परत वापरता येत नाही, आणि जाळले तर काळा, विषारी धूर होतो. आम्ही आता पोती बांधून, कुलपात ठेवून कारखान्यांचा कचरा उचलणाऱ्यांकडेच देतो.

या सगळ्याने काम महाग झाले का, असे मला विचारतात. पहिले सहा महिने झाले. व्हॅक्यूम, पाती, डायमंडची चकती, मास्क, सगळ्यांना पैसा लागला. दोन गिऱ्हाइके "तुमच्याकडे वेळ लागतो" म्हणून दुसरीकडे गेली. त्यांतले एक परत आले, एक आले नाही. पण सुरीने कापलेल्या कडेला पुढे घासणे थोडे लागते, लांबी थोडी भरावी लागते, म्हणून एकूण वेळ आता पूर्वीइतकाच होतो. आणि समजा झाले असते महाग, तरी काय? पूर्वीही ते महागच होते. फक्त बिल आम्ही भरीत नव्हतो. ते ह्यांच्या छातीने भरले, आणि एका दुपारी तुमच्या कुरडयांनी भरले.

भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींचे पती, मुलगे, भाऊ कारखान्यात, शेडमध्ये ग्राइंडर धरतात. कोणी फायबर कापतो, कोणी फरशी, कोणी लाकूड. कोणते हत्यार चांगले, यावर ते आपल्याशी बोलत नाहीत. बायकांना त्यातले काय कळते असे त्यांना वाटते. आज रात्री जेवायला वाढताना त्यांना एकच विचारा: "तुमची धूळ जाते कुठे?" उत्तर "बाहेर" असे आले, तर म्हणा, बाहेर म्हणजे कुणाच्या घरात? उत्तर आलेच नाही, तर त्यांचा शर्ट झटकून पाहा.

आता समारोप. यंदाच्या चैत्रात मंडळाच्या कुरडया पुन्हा त्याच गच्चीवर वाळल्या. त्या दिवशी आमच्या शेडमध्ये दोन टप तयार झाले. मी मुद्दाम काम बंद ठेवले नाही. संध्याकाळी आक्कांनी एक कुरडई आणून माझ्या हातावर ठेवली. मी ती उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिली. आक्का म्हणाल्या, "बघतेस काय? तळ." आम्ही शेडमधल्या सगळ्यांनी ती तळून वाटून खाल्ली.

 मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो, आणि आपल्या गच्चीवर उन्हाशिवाय दुसरे काही न पडो, अशी इच्छा करून माझे चार शब्द पुरे करते. ताटातली हत्यारे जवळ येऊन पाहावीत. मात्र डाव्या बाजूची सुरी आजच पाते बदललेली आहे, तिला बोट लावू नये.